हुतंय की : सॉफ्टवेअरनिर्मितीतील मराठी बोलीव्यवहार

सॉफ्टवेअर ही वस्तू विजेवर चालत असली तरी ती घडते बोलण्यावर, आणि म्हणून तिच्या निर्मितीचा अभ्यास करणाऱ्याने संगणकापेक्षा संगणकाभोवती बसलेल्या माणसांच्या तोंडाकडे अधिक लक्ष द्यावे, हे या क्षेत्रातील जाणकारांनी पूर्वीच ओळखलेले आहे. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली असे प्रतिपादन केले की, एखादी संस्था जी प्रणाली रचते, तिची घडण त्या संस्थेतील माणसांच्या परस्परसंवादाच्या घडणीबरहुकूम होते. म्हणजे ज्या दोन विभागांत बोलणे बंद असते, त्यांनी लिहिलेले प्रोग्रॅमही एकमेकांशी अबोला धरतात. वाटणी झालेल्या वाड्यात एका भावाच्या स्वयंपाकघरातून जाणारा दुसऱ्या भावाचा जिना ज्याने पाहिलेला आहे, त्या मराठी वाचकाला हा सिद्धान्त नवा वाटण्याचे कारण नाही. पुढे १९७५ मध्ये फ्रेडरिक ब्रुक्स यांनी या विचाराला अंकगणिताची जोड दिली : पाच माणसांच्या गटात दोघादोघांनी बोलावयाच्या वाटा १० असतात, दहा माणसांच्या गटात त्या ४५ होतात, आणि त्यामुळे आधीच उशीर झालेल्या कामावर नवी माणसे नेमली की ते काम आणखी लांबते. या ४५ वाटांवरून महाराष्ट्रात, विशेषतः मिरजेकडच्या मंडळींच्या गटात, नेमके काय वाहते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मिरजेची निवड केवळ सोयीसाठी केलेली नाही. या गावच्या रेल्वे स्थानकात कित्येक वर्षे तीन मापांचे रूळ नांदले : रुंद मार्ग, मीटर मार्ग आणि १९२७ साली मिरजेपर्यंत पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरची चिमुकली वाट. एका मापाच्या डब्यातील माल दुसऱ्या मापाच्या डब्यात भरण्यासाठी हमाल लागत, आणि त्या हमालांना मराठी, कानडी व दखनी या तिन्ही भाषांत हुज्जत घालता येत असे, हे वेगळे सांगावयास नको. कर्नाटकाची सरहद्द जवळ असल्याने दवाखान्यात कानडी, पेठेत मराठी आणि दर्ग्याच्या परिसरात दखनी, असा व्यवहार येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अशा वातावरणात वाढलेली मुले सांगलीच्या, १९४७ साली सुरू झालेल्या व आज वालचंद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा तत्सम ठिकाणी पदवी घेतात, पुण्याची गाडी पकडतात आणि हिंजवडीत अमेरिकेतील ग्राहकाचे काम करू लागतात. २०२० च्या महासाथीत यांपैकी पुष्कळजण लॅपटॉपसह घरी परतले, आणि मिरजेच्या ब्राह्मणपुरीतील माडीवरून स्टँड-अप होऊ लागले. स्टँड-अप म्हणजे कामाचा रोजचा आढावा उभ्याने घ्यावयाची छोटी बैठक. घरून काम करताना ती बसून, आणि कॅमेरा बंद असल्यास आडवे पडूनही घेतली जाते.

या गटांत बोलली जाणारी भाषा मराठी आहे की इंग्रजी, असा प्रश्न अभ्यासकांसमोर वारंवार येतो, परंतु तो बोलणाऱ्यांसमोर कधीच येत नाही. सर्वसाधारण रीत अशी की, नाम इंग्रजीतून घ्यावयाचे आणि क्रियापद घरचे वापरावयाचे. कोड पुश मारतात, ब्रँच मर्ज मारतात, सर्व्हर रिस्टार्ट मारतात. मेल टाकतात, मीटिंग लावतात, लॉग काढतात. ब्रँच म्हणजे मूळ कोडची स्वतंत्रपणे बदल करण्यासाठी काढलेली प्रत, आणि मर्ज म्हणजे ते बदल पुन्हा मुळात मिसळणे. या मिसळण्याच्या क्रियेला ‘मारणे’ हे क्रियापद का लागावे, याचे उत्तर ज्याने दुसऱ्याचे बदल आपल्या बदलांत मिसळून पाहिले आहेत, त्याला आपोआप मिळते. अधिक लक्षणीय गोष्ट अशी की, यश सकर्मक असते आणि अपयश अकर्मक असते. ‘मी डिप्लॉय मारला’, म्हणजे नवा कोड वापरात आणला, असे म्हणणारा माणूस दहा मिनिटांनी ‘सर्व्हर पडला’ असे म्हणतो. बिल्ड फुटतो, डेटा उडतो, साइट झोपते. हे सर्व आपले आपण होते, कोणी करत नाही. अलीकडे पाश्चात्य कंपन्यांनी बिघाडानंतरच्या चौकशीत कोणाही व्यक्तीला दोष न देण्याची एक शिस्त मोठ्या अभिमानाने अंगीकारली आहे. मराठी व्याकरणाने ती सोय कितीतरी आधी करून ठेवली होती.

कोड रिव्ह्यू, म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासून त्यावर शेरे लिहिणे, या प्रसंगी मात्र हीच भाषा अडचणीत येते, कारण मराठीत शेरा मारण्यापूर्वी समोरच्याला अरे म्हणावयाचे की अहो, याचा निकाल लावावा लागतो. सव्वीस वर्षांच्या मुलीने एक्केचाळीस वर्षांच्या गृहस्थांची चूक दाखवावयाची असेल तर ‘तुम्ही हे तपासलेलं दिसत नाही’ हे वाक्य मराठीत लिहिताच त्याला सासर-माहेरचा रंग चढतो. म्हणून ती इंग्रजीत लिहिते, जेथे सर्वांनाच एक सर्वनाम पुरते. मिरजेकडची मंडळी यातून ‘अण्णा’ किंवा ‘दादा’ असे संबोधन जोडून वाट काढतात. ‘अण्णा, हे लूप कधी थांबणार?’ या प्रश्नात आदर, चूक आणि थोडी करमणूक एकत्र येतात, आणि अण्णा मुकाट्याने लूप दुरुस्त करतात.

तथापि या बोलीचा खरा कस लागतो तो कामाची स्थिती सांगताना. कामांची नोंद ठेवण्याच्या जिरा नावाच्या प्रणालीत सामान्यतः तीन रकाने असतात : करावयाचे, चालू असलेले आणि झालेले. नावाला जागून काही कामे तेथेच जिरतात, तो भाग निराळा. मराठी माणसाजवळ मात्र अपूर्णतेच्या याहून कितीतरी सूक्ष्म छटा आहेत. ‘झालं’ म्हणजे कोड लिहून झाला, पण चालवून पाहिलेला नाही. ‘झाल्यात जमा आहे’ म्हणजे एकच भाग उरला आहे, आणि तो सर्वांत अवघड आहे. ‘होत आलंय’ म्हणजे अवघड भाग कोणता, हे नुकतेच कळले आहे. ‘झालंच’ हा प्रयोग तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय व्हावा, कारण ‘च’ हे व्याकरणात निश्चय दाखवणारे अव्यय असूनही कामाच्या आढाव्यात ते आले की निश्चय नाहीसा होतो. ‘आलोच’ असे फोनवर सांगणारा मनुष्य जसा अजून अंघोळीला गेलेला नसतो, तसेच ‘झालंच’ हे काम अजून उघडलेले नसते. ‘बघतो’ हा सभ्य नकार आहे. ‘एकदा बसू या’ याचा अर्थ कोणालाच काही ठाऊक नाही. आणि या सर्वांच्या वर, कृष्णाकाठचे वैशिष्ट्य म्हणून, ‘हुतंय की’ हा प्रयोग विराजमान आहे.

‘हुतंय की’ हे विधान काळाविषयी नाही, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. त्यात काम सुरू आहे असे म्हटलेले नसते, ते अमुक दिवशी संपेल असेही म्हटलेले नसते. विश्वरचनेत हे काम अशक्य नाही आणि विचारणाऱ्याचे मन दुखवावयाचे नाही, एवढ्याच दोन गोष्टी त्यात सांगितलेल्या असतात, आणि दोन्ही खऱ्या असतात. गैरसमज उत्पन्न होतो तो हे विधान वर चढू लागल्यावर. मिरजेचा अभियंता ‘हुतंय की’ म्हणतो. सांगलीचा टीम लीड, ज्याला ही बोली कळते पण प्रमाण मराठीत बोलावे लागते, तो ‘होईल’ असे सांगतो. पुण्याचा मॅनेजर त्याचे इंग्रजीत ‘विल बी डन’ करतो. आणि शिकागोतील ग्राहक, ज्याच्या भाषेत भविष्यकाळाला तारीख चिकटवण्याची खोड आहे, तो आपल्या वरिष्ठाला शुक्रवार कळवतो. या साखळीत कोणीही खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने प्रामाणिक भाषांतर केलेले आहे, आणि तरीही शुक्रवारी रात्री साडेअकरा वाजता माडीवरचा दिवा जळताना दिसतो, आणि खालून आईचा ‘जेवायला येतोस न्हवं?’ हा प्रश्न म्यूट करावयाचे राहिलेल्या माइकमधून शिकागोपर्यंत पोहोचतो.

स्क्रम नावाच्या कार्यपद्धतीने या दुखण्यावर ‘डेफिनिशन ऑफ डन’ असा उपाय सांगितला आहे. काम झाले असे केव्हा म्हणावयाचे, याच्या अटी गटाने आधीच ठरवून लिहून ठेवावयाच्या : कोड दुसऱ्याने तपासलेला असावा, चाचण्या उत्तीर्ण झालेल्या असाव्यात, आणि असेच पुढे. उपाय निर्विवाद चांगला आहे. अडचण एवढीच की, ज्या गटातील सर्वजण एकाच भागातले असतात, त्याला असे काही लिहून ठेवणे अपमानास्पद वाटते. आपल्या माणसाला ‘झालं’ म्हणजे काय ते लिहून द्यावयाचे असेल तर आपलेपणा कसला, असा तेथे विचार असतो. ज्या गटात पाच प्रांतांची माणसे असतात, तो बिचारा नाइलाजाने सर्व लिहून ठेवतो आणि वेळेवर घरी जातो.

मातृभाषा एक असण्याचा लाभ नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. डेटाबेसची रचना पुढे कोठे अडकणार, हे ज्याला मराठीत दोन मिनिटांत, टेबलावर बोटाने रेघा ओढून समजावता येते, तोच अभियंता इंग्रजी बैठकीत ‘सम इश्यू इज देअर’ एवढेच बोलतो आणि गप्प बसतो. बैठकीला वाटते की इश्यू किरकोळ असावा, आणि सहा महिन्यांनी तो इश्यू सर्वांसमक्ष उभा राहतो. न बोललेली हरकत ही सॉफ्टवेअरमधील सर्वांत महाग वस्तू आहे, आणि सक्तीच्या इंग्रजीने तिचे उत्पादन वाढते, हे कंपन्यांच्या धोरणकर्त्यांनी ध्यानात घेतलेले दिसत नाही. उलट पक्षी, ही हरकत जेथे मोकळेपणाने निघते ती जागा म्हणजे चहाची टपरी; परंतु टपरीवर सर्वजण नसतात.

हिंजवडीतील कोणत्याही गटाची खरी बैठक टपरीवर होते. वर वातानुकूलित खोलीत जी होते तिच्यात पहिली पाच मिनिटे इंग्रजी चालते, पुढे हिंदी येते, आणि मुद्दा तापला की मराठी सुरू होते. तेथे बसलेल्या चेन्नईच्या सहकाऱ्याला मधली नामे तेवढी ऐकू येतात. ‘पेमेंट’, ‘फेल’, ‘प्रॉडक्शन’, ‘क्लायंट’ एवढे चार शब्द त्याच्या कानी पडतात आणि तो योग्य तेवढा घाबरतो, म्हणजे संवाद अगदीच विफल झाला असे म्हणता येत नाही. त्यानंतर आठजण चहाला जातात, कटिंग संपेपर्यंत कॅशिंगची पद्धत बदलून टाकतात, आणि परत येऊन कामाला लागतात. चेन्नईचा सहकारी, ज्याला चहा आवडत नाही, तो जुन्या पद्धतीने आणखी दोन दिवस कोड लिहितो. त्याला कोणी मुद्दाम वगळलेले नसते. ‘त्याला सांगितलं का?’ असे प्रत्येकाने दुसऱ्याला विचारलेले असते आणि प्रत्येकाला ‘सांगतो की’ असे उत्तर मिळालेले असते. वर्षभराने तो सहकारी गरजेपुरते मराठी शिकतो. त्याच्या तोंडी पहिला शब्द ‘बघतो’ हा येतो, आणि तो त्याचा वापर अचूक अर्थाने करतो.

भाषा एक असूनही अर्थ दोन असू शकतात, याचे जगाला ठाऊक असलेले उदाहरण इंग्रजीतले आहे. अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी हरवले, कारण पृथ्वीवरील एका गटाचे सॉफ्टवेअर रेट्याचे आकडे पौंडाच्या मापात देत होते आणि दुसऱ्या गटाचे सॉफ्टवेअर ते न्यूटनच्या मापातले समजून घेत होते. दोन्ही गट इंग्रजीच बोलत होते, एकमेकांना नीट समजतही असावेत, आणि तरीही यान मंगळाच्या वाजवीपेक्षा जवळ गेले. एरिक इव्हान्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यावर जो विचार मांडला त्याचे सार असे की, ज्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर लिहावयाचे, त्या व्यवसायातील माणसे जे शब्द वापरतात तेच शब्द प्रोग्रॅमरने बोलण्यात, कागदावर आणि कोडमध्येही वापरावेत. आणि एकच शब्द दोन विभागांत दोन अर्थांनी चालत असेल तर प्रत्येक अर्थाची हद्द आखून द्यावी.

ही हद्द का लागते, हे साखर कारखान्याचे सॉफ्टवेअर लिहू पाहणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळते. रसायन विभागात उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर, जी दक्षिण महाराष्ट्रात साधारणपणे ११ ते १२ किलो असते. शेती विभागात उतारा म्हणजे ऊस नोंदवताना शेतकऱ्याने आणून द्यावयाचा सातबारा. दोघांनाही एकच रकाना देणाऱ्या नवख्या प्रोग्रॅमरच्या हातून एखाद्या सभासदाच्या नावे साडेअकरा टक्के सातबारा लागण्याचा संभव असतो. तसेच ‘उचल’ म्हणजे हंगामापूर्वी मुकादमामार्फत तोडणी टोळीला दिलेली आगाऊ रक्कम. शहरात वाढलेला प्रोग्रॅमर ती वाहतुकीच्या रकान्यात घालतो आणि मग ट्रॅक्टरवर लाखो रुपये लादलेले दिसतात. यावेळी त्याला वाचवतो तो गटचर्चेतला कोणी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट नव्हे, तर शेती विभागातला, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय, ज्याने आयुष्यात कधी कोड पाहिलेला नसतो, परंतु कोणता शब्द कोठे संपतो हे ज्याला पक्के ठाऊक असते. त्याला बैठकीला बोलावण्याची पद्धत मात्र नाही.

रुग्णालयांची गोष्टही याच जातीची आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९० च्या दशकात उभारलेल्या मिशन हॉस्पिटलपासून मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले, आणि तेथे येणारा रुग्ण आपले दुखणे फार काटेकोरपणे सांगतो : ठणका लागतो, कळ येते, चमक निघते, आग होते, मुंग्या येतात. ही पाच निरनिराळी दुखणी आहेत आणि डॉक्टरला त्यांतून निरनिराळ्या शंका येतात. नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ‘पेन : होय / नाही’ एवढाच रकाना बऱ्याचदा असतो. हे सॉफ्टवेअर बंद पडले की तेच लिहिणारा अभियंता मदत कक्षाकडून तक्रारीचा तपशील मागतो, आणि उत्तर येते, ‘चालत नाही’. त्यावर तो लोकांना नेमके सांगता येत नाही म्हणून वैतागतो.

ज्या ठिकाणी भाषा एक नसूनही शब्द एक झाले, असे ठिकाणही मिरजेतच आहे, ते म्हणजे सतारमेकरांची गल्ली. येथील कारागिरांचे पूर्वज शस्त्रे घडवणारे शिकलगार होते. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी घटल्यावर त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी आणि त्यांच्या घराण्याने तंतुवाद्यांकडे मोर्चा वळवला, ज्याला हल्ली रीस्किलिंग असे म्हणतात आणि त्यासाठी प्रमाणपत्र देतात. त्यांच्या वारसांनाही २०२४ साली एक प्रमाणपत्र मिळाले : मिरजेची सतार आणि तंबोरा यांना भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. या गल्लीत येणारे गिऱ्हाईक बंगालचे, धारवाडचे, क्वचित परदेशातलेही असते. उत्तर प्रदेशातील कैरान्याचे गायक अब्दुल करीम खाँ येऊन मिरजेत स्थायिक झाले तेव्हा त्यांची बोलीही येथली नव्हती. असे असूनही वाद्य बनवणारा आणि वाजवणारा यांच्यात तीनचार शब्दांवर काम भागते, आणि त्यांतला मुख्य शब्द जवारी हा आहे. वाद्याच्या घोडीवरचा माथा किंचित गोलसर घासला की तार त्यावर घसटत कंप पावते आणि स्वराला गुंजन येते, या घासण्याला जवारी काढणे म्हणतात. गायक ‘जरा बंद वाटते’ असे म्हणतो; कारागीर कानस फिरवतो; लगेच तार छेडली जाते आणि दोघेही ऐकतात. ‘बंद’ म्हणजे काय यावर बैठक होत नाही, कारण शब्द उच्चारल्यापासून तो खरा की खोटा ठरेपर्यंत एका छेडीचाच अवधी जातो, आणि ती छेड दोघांच्याही कानांदेखत होते. घासून गेलेला थर परत बसवता येत नाही, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये रोलबॅक नावाची जी मागे फिरण्याची सोय असते ती येथे नाही. त्यामुळे ‘हुतंय की’ असे म्हणणारा कारागीर कानस उचलण्यापूर्वी, जवारी उघडी म्हणजे किती उघडी, हे गिऱ्हाइकाकडून वदवून घेतो. तोच माणूस, तीच बोली आणि तेच दोन शब्द. फरक एवढाच की येथे ‘झालं’ हे तो एकटा ठरवत नाही.

सॉफ्टवेअरच्या गटांनी गल्लीतून एवढी एकच रीत उचलण्यासारखी आहे, आणि तिला कोणा सल्लागाराची फी पडत नाही. बोली बदलण्याचे कारण नाही. इंग्रजीची सक्ती तर मुळीच नको. स्टँड-अपमध्ये कोणी ‘हुतंय की’ म्हटले तर लीडने तेथेच ‘चालवून दाखव’ असे म्हणावे, आणि टपरीवर जे ठरले ते परत येताना लिफ्टमध्येच जिरात दोन ओळींत, नसलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत, उतरवून टाकावे. ते ज्याच्याकडून राहील त्याने दुसऱ्या दिवशीच्या चहाचे पैसे द्यावेत, चेन्नईच्या सहकाऱ्यासाठी वेगळी कॉफी सांगावी, आणि हा खर्च कंपनीकडे मागू नये.